डावं-उजवं

पोलादाबद्दल सगळे विचारतात.
कुठलं, किती तापवलं, पाणी कशाचं दिलं.
हाबिरीस सांगतो, मिशीतली राख झटकत:
ट्रकचा पाटा. विल्युय नदीच्या बर्फात
एप्रिलमध्ये अर्ध्यावर बुडालेल्या ट्रकचा.
आणि पाणी म्हणायचं फक्त, देतो ते तेलच.

म्यानाबद्दल कुणी विचारत नाही.
म्यान मी करते.

बैलाच्या शेपटीचं कातडं,
नळीसारखं अख्खं सोलून काढलेलं,
ओलं असतानाच लाकडी साच्यावर चढवायचं
आणि चुलीपासून दोन हात लांब टांगायचं.
घाई केली की भलतीकडेच आकसतं.
नीट वाळलं तर सुरी त्यात मुठीच्या कमरेपर्यंत बुडते.
बटण नाही, वादी नाही.
एल्कच्या मागे धावताना पडत नाही
आणि हातमोज्यातल्या एका हाताने निघते.

उणे पन्नासला लोखंड माणसाची कातडी मागून घेतं,
म्हणून मूठ भूर्जाची. तीही खोडावरच्या आजारी गाठीची,
झाडाने जिथे काहीतरी गिळलं
आणि त्याला ते पचलं नाही.
तीन हिवाळे माळ्यावर, एक उन्हाळा जवसाच्या तेलात.
छेद अंड्यासारखा, निमुळती बाजू धारेकडे.
अंधारात, आतड्यांच्या वाफेत,
बोटांना न बघता कळावं.

पातं फार कडक करायचं नाही.
कडक पातं थंडीत काचेसारखं बोलतं,
एकदाच.
हाबिरीस पिवळा सरून जांभळी झाक येईस्तोवर थांबतो.
मग ते वाकेल, मोडणार नाही,
नदीतल्या गोट्यावरही पाजवता येईल.
पात्याचा एक गाल फुगीर, दुसरा सपाट,
सपाटावर पन्हळ.
"आपल्याकडे डावं-उजवं नाही," असं तो भावाबद्दल म्हणतो,
पन्हळीबद्दल नाही.

मग उयगुलाना आली,
अंगठ्याला पाच टाके, पिशवीत बापाची सुरी.
बापाचे हात आता चहाची बशीसुद्धा सांडतात.
त्याने सुरी दिली, वर म्हणाला,
सुरी चुकत नाही, तुझा हात चुकतो.
पोर डावखुरी.
हाबिरीस हसला नाही. तिचा डावा पंजा दोऱ्याने मोजला,
दोऱ्याला गाठ मारली, आणि दोरा खिळ्याला अडकवला.

चाळीस वर्षांत त्याने पन्हळ कधी उलटी काढली नव्हती.
पहिलं पातं पिळवटलं. भंगारात.
दुसऱ्याची पन्हळ टोकाशी धारेत घसरली.
त्या रात्री तो जेवला नाही, ऐरणीच्या पलीकडच्या बाजूला
जाऊन नुसता उभा राहिला,
दुसऱ्याच्या घरात आल्यासारखा.

मग लाकडाचा एक नमुना तासून आणला.
"धर जरा," म्हणाला, "कातडं काप बघू, कापल्यासारखं कर."
मी धरला.
जसा रोज धरते तसाच.
तो माझ्या हाताकडे बघत राहिला,
भाता कोणी ओढत नव्हतं, निखारे काळे पडत होते.
मी म्हटलं, काय?
तो म्हणाला, काही नाही.

चाळीस वर्षं मी त्याच्या सुऱ्यांनी कातडं कापलंय,
मनगट आत मुडपून, कोपर बाहेर काढून.
मला वाटायचं, कातडं असंच कापतात.

तिसरं पातं जमलं.
उयगुलानाच्या म्यानाची शिवण मी उलट्या अंगाने घातली,
ते उजव्या मांडीवर लटकेल, टोक किंचित मागे.
तिने पैसे दिले, वर गोठलेल्या माशांचं एक पोतं,
आणि दारातच उभ्या उभ्या
एक भूर्जाची फांदी सोलून पाहिली.
साल लांबच लांब निघाली, एका दमात.

आज सकाळी माझ्या पाटावर ते दुसरं पातं होतं,
बिघडलेलं टोक कापून टाकलेलं,
गाठीची मूठ बसवलेली, आखूड, माझ्या पंजाएवढी.
माझा पंजा त्याने कधी मोजला, मला माहीत नाही.
तेल अजून ओलं होतं.
बाहेर तो लाकडं फोडत होता,
गरजेपेक्षा जरा जास्तच जोराने.